थायरॉईडचा आक्रमक कॅन्सर: शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या गोळ्यांसाठी तयारीची यादी

थायरॉईडच्या एकूण कॅन्सरमध्ये अ‍ॅनाप्लास्टिक प्रकाराचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असते. पण ही गाठ इतक्या झपाट्याने वाढते, की निदान झाले त्याच दिवशी तिची गणना चौथ्या टप्प्यात होते. त्यामुळे एक काम संपल्यावर दुसरे हाती घ्यायचे, ही रीत येथे उपयोगाची नाही. पुढील यादी रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. मात्र वेळेवर विचारणे, नोंदी ठेवणे आणि दोन विभागांमधला निरोप हरवू न देणे ही कामे बहुतेक वेळा घरच्यांनाच करावी लागतात.

सर्वांत आधी बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी सांगितली आहे का, हे विचारावे आणि नसेल तर ती त्याच दिवशी सांगण्याची विनंती करावी. या कॅन्सरच्या साधारण चाळीस टक्के रुग्णांमध्ये बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडतो आणि तो सापडला तर उपचाराचा क्रमच बदलू शकतो. संपूर्ण जनुकीय पॅनेलचा, म्हणजे अनेक जनुके एकत्र तपासणाऱ्या चाचणीचा, अहवाल यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून त्यासोबतच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याला खास रंग देऊन, हा एकच बदल लवकर तपासता येईल का, तसेच रक्ताच्या नमुन्यावरून तपासणी शक्य आहे का, हेही विचारून घ्यावे. पूर्ण पॅनेल तरीही हवेच, कारण आरईटी किंवा एनटीआरके या जनुकांतले बदल कमी आढळत असले तरी त्यांच्यावरही नेमकी औषधे आहेत. थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये उपयोगी पडणारे किरणोत्सारी आयोडीन या प्रकारावर चालत नाही, हे आधीच समजून घेतले तर त्या चौकशीत दिवस जाणार नाहीत.

बीआरएएफचा बदल असलेल्या या कॅन्सरसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांच्या जोडीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये मान्यता दिली. गाठ श्वासनलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली असेल, तर सुरुवातीलाच ती पूर्णपणे काढणे शक्य नसते. अशा वेळी आधी गोळ्यांनी गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, असा मार्ग निघाला. अमेरिकेतील एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्या सहाही जणांची गाठ पूर्ण काढता आली होती. संख्या लहान आहे, हे लक्षात ठेवावे. पण ‘आता शस्त्रक्रिया होणार नाही’ हे उत्तर मिळाले असेल, तर गोळ्या सुरू केल्यानंतर तोच प्रश्न सर्जनना पुन्हा विचारायचा असतो, हे त्यातून नक्की समजते. त्यासाठी पुढच्या स्कॅनची तारीख गोळ्या सुरू होतानाच मागून घ्यावी. काही ठिकाणी या जोडीसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे इंजेक्शनही देतात. ते दिले असल्यास त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी, कारण त्याचे दुष्परिणाम वेगळे असतात आणि उशिराही दिसू शकतात.

अहवालाची वाट पाहत असतानाच श्वासाचा बंदोबस्त ठरवावा. श्वास घेताना घरघर होणे, आडवे झाल्यावर गुदमरणे, आवाज अचानक बसणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट आपत्कालीन विभागात न्यावे. गळ्यातून श्वासाची नळी घालण्याची वेळ आली तर रुग्णाची इच्छा काय आहे, हे रुग्ण शांतपणे बोलू शकत असताना विचारून ठेवावे. हा विषय काढताना जड जाते, पण रुग्णाच्या वतीने ऐनवेळी अंदाजाने निर्णय घ्यावा लागणे त्याहून जड असते.

गोळ्या सुरू होण्यापूर्वी हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्यावी, कारण ट्रॅमेटिनिबमुळे हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता कमी होऊ शकते. ही तपासणी महिन्याने पुन्हा आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी करायची असते. रक्तदाब, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्यांचे सुरुवातीचे आकडे फाईलमध्ये हवेत. नजर धूसर होणे किंवा डोळ्यांसमोर रंगीत ठिपके दिसणे याकडे चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण या गोळ्यांचा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. जी६पीडी या रक्तपेशींतील एन्झाइमची कमतरता असल्यास ती आधी सांगावी. रोजची सर्व औषधे, अगदी काढे आणि चूर्णेसुद्धा, लिहून द्यावीत. डॅब्राफेनिबमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या कित्येक औषधांचा परिणाम घटतो आणि हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही.

घरी औषध ठेवण्याकडे नीट लक्ष द्यावे. ट्रॅमेटिनिबच्या गोळ्या फ्रीजमध्ये, मूळ बाटलीतच आणि आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट ठेवायच्या असतात. आठवड्याच्या खणांच्या डबीत त्या काढून ठेवू नयेत. डॅब्राफेनिबच्या कॅप्सूल फोडायच्या किंवा कुटायच्या नसतात. गिळायला त्रास होत असेल, आणि या आजारात तो अनेकांना होतो, तर पाण्यात विरघळवून किंवा द्रवरूपात देण्याचे प्रकार मिळतील का, हे विचारावे. स्वतःहून प्रयोग करू नयेत. प्रौढांमध्ये नेहमीचे प्रमाण डॅब्राफेनिब १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ट्रॅमेटिनिब २ मिलिग्रॅम एकदा असे असते. दोन्ही औषधे जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायची असतात. डॅब्राफेनिबची वेळ चुकली आणि पुढच्या डोसला सहा तासांपेक्षा कमी वेळ उरला, तर तो डोस सोडून द्यावा. ट्रॅमेटिनिबसाठी ही मर्यादा बारा तासांची आहे.

तापाची तयारी मी या यादीत सर्वांत वर ठेवेन. या जोडीने ताप येणे अतिशय सामान्य आहे आणि घरचे लोक बहुधा तापाची गोळी देऊन कॅन्सरच्या गोळ्या तशाच चालू ठेवतात, किंवा घाबरून सर्व उपचारच थांबवतात. थर्मामीटर घरात हवा. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला तर सहसा दोन्ही औषधे थांबवतात, संसर्ग आहे का ते तपासतात आणि ताप उतरून किमान चोवीस तास झाल्यावर पुन्हा सुरू करतात. तुमच्या डॉक्टरांचा नियम नेमका काय आहे आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे आधीच लिहून घ्यावे. वारंवार येणाऱ्या तापासाठी स्टिरॉईड दिले गेले असेल, तर ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. शस्त्रक्रियेनंतर ताप आला, तर तो गोळ्यांचा आहे असे घरी बसून ठरवू नये. जखमेतील संसर्गाचा तापही सुरुवातीला तसाच दिसतो.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की कोणती गोळी कोणत्या दिवशी थांबेल आणि कोणत्या दिवशी पुन्हा सुरू होईल, हे सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ या दोघांकडून एकाच कागदावर लिहून घ्यावे. तोंडी निरोपावर राहू नये. एक विभाग समजतो दुसऱ्याने सांगितले असेल, आणि गोळी एक तर शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहते किंवा नाहक आठवडाभर आधी बंद होते. सर्व औषधांना एकच नियम नाही. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या लेन्व्हाटिनिबमुळे जखम भरायला उशीर होतो, म्हणून ते नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी थांबवतात आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवडे, जखम नीट भरेपर्यंत देत नाहीत. आरईटीवरच्या सेल्परकॅटिनिबबाबतही एक आठवडा आधी आणि दोन आठवडे नंतर असेच अंतर पाळतात. डॅब्राफेनिब शरीरातून लवकर निघून जाते, ट्रॅमेटिनिबला त्याहून बरेच दिवस लागतात. तरी गाठ पुन्हा उसळू नये म्हणून ही जोडी कमीत कमी दिवस बंद ठेवण्याकडे कल असतो. त्याच भेटीत दुर्बिणीने स्वरतंतूंची तपासणी झाली आहे का, हे पाहावे.

थायरॉईड पूर्ण काढल्यावर थायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावे लागते, आणि थायरॉईडला लागून असलेल्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागल्यास कॅल्शियमही. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच कळवावे. थायरॉक्सिन उपाशीपोटी आणि कॅल्शियमपासून चार तास दूर घ्यायचे. त्यात जेवणापासून लांब ठेवायच्या डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिबच्या वेळा मिळवल्या की दिवस चांगलाच गुंतागुंतीचा होतो. म्हणून घरी जाण्याआधी वॉर्डातल्या फार्मासिस्टसोबत बसून तासवार तक्ता करून घ्यावा. काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सरपेशी उरल्या होत्या का, कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरपेशींपासून मुक्त, आहेत का, हे अंतिम पॅथॉलॉजी अहवालात पाहून त्याची प्रत कॅन्सरतज्ज्ञांपर्यंत स्वतः पोहोचवावी. पुढे रेडिएशन ठरले, तर त्या काळात गोळ्या थांबवायच्या का आणि कधी, हा प्रश्न रेडिएशनच्या पहिल्याच भेटीत विचारावा, कारण दोन्ही एकत्र चालल्यास त्वचेवरचा त्रास वाढू शकतो. फ्रीजमधल्या बाटलीत किती गोळ्या शिल्लक आहेत, तेही याच सुमारास मोजावे, म्हणजे पुन्हा सुरू करण्याच्या दिवशी औषध हाताशी असेल.