वातावरण तापलंय आणि बोलणं तर टळत नाही, मग बोलायचं कसं

निवडणूक असो, युद्ध असो, साथ असो नाहीतर ऑफिसात चाललेली नोकरकपात, असे दिवस आले की माणसं नेहमीपेक्षा लवकर पेटतात आणि मग जो तो एकमेकांना सांगत सुटतो, शांत राहा. शांत राहा म्हटल्यावर कोणी शांत झालेलं मी तरी बघितलेलं नाही, असलेला राग डबल होतो फक्त. म्हणून तो सल्ला बाजूला ठेवून नेमकं करायचं काय ते सांगते. आणि एक आधीच क्लिअर करते, सभ्यपणे बोलायचं म्हणजे गुळमुळीत बोलायचं असं नाही. पटत नसेल तर पटत नाही असं म्हणायचंच, फक्त समोरच्याला माघार घ्यायला जागा ठेवायची. भांडण सुरू होतं मुद्द्यावरून, पण चालू राहतं ते आता मागे हटलो तर नाक कापलं जाईल या भीतीने, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं म्हणजे लगेच रिप्लाय देऊ नका. माहितीये, हे सगळेच सांगतात, पण याचं कारण शरीरात आहे. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं नवरा-बायकोंना समोरासमोर बसवून वाद घालायला लावले, वर त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्यांचं म्हणणं असं की ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही, आणि शरीर ताळ्यावर यायला कमीत कमी 20 मिनिटं तरी लागतात. आता त्या 20 मिनिटांत "आता बघतोच याला" म्हणून मनातल्या मनात उत्तर घोळवत बसलात तर ब्रेक घेतला काय आणि नाही घेतला काय. राग काढून टाकला की मोकळं वाटतं हेही खरं नाही बरं का. ब्रॅड बुशमन यांचा 2002 चा प्रयोग आहे, ज्यांनी चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले ते, नुसतं गप्प बसलेल्या लोकांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. त्यामुळे मैत्रिणीला फोन करून तासभर त्या माणसाच्या नावाने शंख करण्यापेक्षा भांडी घासा, चक्कर मारून या, काहीही वेगळं करा.

फक्त गायब होऊ नका. "मी आत्ता चिडलेय, नीट बोलता येणार नाही, रात्री बोलू" एवढं सांगा आणि रात्री खरंच बोला. काही न सांगता मेसेज नुसता वाचून तसाच सोडून देणं हा पण एक प्रकारचा अपमानच असतो.

दुसरी गोष्ट, टोमणा टाइप करू नका. तोंडाने मारलेला टोमणा निदान आवाजावरून कळतो. 2005 मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली वगैरे मंडळींनी ईमेलवर हे तपासलं, लिहिणाऱ्यांना वाटत होतं आपली मस्करी साधारण 78 टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात कळली 56 टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. हे साध्या दिवसांतलं, सगळे आधीच दुखावलेले असताना काय होत असेल बघा. तीनपेक्षा जास्त मेसेज उलटसुलट झाले की सरळ फोन लावावा, हा माझा आपला नियम.

आता खरी अवघड गोष्ट, म्हणजे चुकीचं बोलणाऱ्याला चुकलंय हे सांगायचं कसं. समजा फॅमिली ग्रुपवर मामांनी एक भडक व्हिडिओ टाकलाय, खाली लिहिलंय "बघा यांची करणी, डोळे उघडा आता तरी". तुम्हाला माहितीये की तो व्हिडिओ जुना आहे आणि भलत्याच घटनेचा आहे. बोटं शिवशिवतात, "मामा, काहीही फॉरवर्ड करता, आधी चेक तरी करत जा". मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण आता सगळ्या भाच्या-पुतण्यांसमोर मामा "अरे हो की" म्हणतील का? शक्यच नाही, ते अजून दोन व्हिडिओ टाकतील. त्याऐवजी पर्सनलवर लिहा, "मामा, व्हिडिओ बघितला, तुम्हाला काळजी वाटतेय ते कळतंय, मलाही वाटते. पण हा व्हिडिओ जुना आहे, दुसऱ्याच घटनेचा, ही त्याची बातमी. तुम्हीच ग्रुपवर सांगाल का, म्हणजे बाकीचेही पुढे पाठवणार नाहीत." यात खोटं काही नाही, आडपडदा नाही, आणि दुरुस्ती करायचा मान त्यांनाच दिलाय. मामा कदाचित ग्रुपवर काहीच लिहिणार नाहीत, गुपचूप डिलीट करतील. करू द्या ना, आपल्याला तेच हवं होतं.

वाद मतांचा असेल, माहितीचा नसेल, तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगून बघा, "म्हणजे तुझं म्हणणं असं आहे का की..." आणि ते इतकं चांगलं सांगा की तो म्हणाला पाहिजे, हो, अगदी हेच. मगच आपलं बोला. अॅनाटोल रॅपोपोर्ट नावाच्या विचारवंतांची ही पद्धत. यातली खरी गंमत अशी की निम्म्या वेळा कळतं आपण भलत्याच गोष्टीवर भांडत होतो.

प्रश्न विचारा, पण पकडायला नको. "मग तेव्हा कुठे होतात तुम्ही?" हा प्रश्न नाही, सापळा आहे. "तुला असं कधीपासून वाटायला लागलं, काही घडलं का?" हा प्रश्न. ब्रूकमन आणि काला या दोन संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं होतं की दारावर जाऊन जेमतेम 10 मिनिटं अशाच पद्धतीने, माणसाला त्याचा स्वतःचा अनुभव आठवायला लावून बोललं तर ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा आकस कमी होतो आणि तो फरक निदान 3 महिने टिकतो.

"तुम्ही लोक", "तू नेहमीच", आणि ते इंटरनेटवरचं लाडकं "अभ्यास वाढवा", हे तीन शब्दप्रयोग काही दिवस बंद करून बघा. गॉटमन यांच्या मते नात्याला सगळ्यात घातक तुच्छतेने बोलणं, आणि "अभ्यास वाढवा" यात तुच्छतेशिवाय दुसरं असतं काय?

हे सगळं शिव्या आणि धमक्या देणाऱ्यांसाठी नाही हं. तिथे स्क्रीनशॉट, ब्लॉक, रिपोर्ट, गरज पडली तर तक्रार, समजावत बसायचं नाही. आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय तो ओरडत असेल तर त्याला "आधी नीट बोल" म्हणणं ही सभ्यता नव्हे, विषय टाळायची पळवाट आहे. आवाज सोडा, तो काय सांगतोय ते ऐका.

थांबायचं कसं, तेही सांगते. पटणार नाही हे दिसलं की "यावर आपलं जमणार नाही बहुतेक, पण तू का असं म्हणतोस ते कळलं" एवढं लिहून गप्प बसा, शेवटचा मेसेज त्याचा राहू द्या, त्याने खाली अजून एक टोला हाणला तरी. आणि दोन-तीन दिवसांनी त्याच माणसाला भलत्याच कामाचा साधा मेसेज टाका, चार्जर कुठला घेतलास, आईची तब्येत कशी आहे, काहीही. त्या वादाबद्दल अवाक्षर नको.