दोषारोपपत्रात न आलेला पुरावा आरोपीने कसा मागावा

दोषारोपपत्रासोबत मिळणारी कागदपत्रे तपासी अंमलदाराने निवडलेली असतात. एखादा जबाब मागाहून बदलला असेल किंवा पंचनामा घटनास्थळाऐवजी पोलीस ठाण्यातच लिहिला गेला असेल, तर त्याची खूण बहुधा वगळलेल्या कागदांत सापडते. म्हणून बचाव पक्षाने त्या कागदांची यादी सुरुवातीलाच मागावी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार, आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याला दोषारोपपत्राच्या व सोबतच्या कागदपत्रांच्या नकला विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. त्या घेताना प्रत्येक पान तपासावे आणि जे अपुरे किंवा न वाचता येणारे असेल त्याची नोंद करूनच पुरसिसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करावी, कारण ‘सर्व नकला मिळाल्या’ असे एकदा लिहून दिल्यावर पुढची तक्रार फार लंगडी पडते.

यादीच्या अर्जाला आधार आहे तो ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या २०२२ च्या निकालाचा. तपासी अंमलदाराने आधार न घेतलेले जबाब, दस्तऐवज व मुद्देमाल यांची यादी सरकारी पक्षाने द्यावी आणि न्यायाधीशांनी त्याची खात्री करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. हा अर्ज साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच द्यावा, त्यावर सरकारी वकिलांचा लेखी ‘से’ (म्हणणे) मागवावा आणि आदेश लेखीच घ्यावा. नुसत्या तोंडी विनंतीचा वरच्या न्यायालयात काहीही उपयोग होत नाही.

यादी हाती आली की हवा तो कागद नेमकेपणाने ओळखून, त्याचा खटल्याशी असलेला संबंध दाखवून, कलम ९४ खाली तो हजर करण्याचा अर्ज करावा. आरोपनिश्चितीच्या वेळी अशी मागणी सहसा मान्य होत नाही. मात्र तपास यंत्रणेने दडवलेला आणि निर्विवाद दर्जाचा पुरावा असेल, तर अपवाद करता येतो. येथे स्टेशन डायरी (ठाण्यातील रोजच्या घडामोडींची नोंदवही) आणि केस डायरी (त्या प्रकरणाच्या तपासाची रोजनिशी) यांत गल्लत करू नये. केस डायरी आरोपीला मागता येत नाही. साक्ष देताना अधिकाऱ्याने स्मरणासाठी ती वापरली किंवा न्यायालयाने त्या अधिकाऱ्याच्या साक्षीतील विसंगती दाखवण्यासाठी वापरली, तरच तिचा तेवढा भाग उलटतपासणीसाठी खुला होतो. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण कायमचे ठेवले जात नाही, त्यामुळे ते जतन करण्याचा अर्ज अटकेनंतर लगेच द्यावा.

अधिकाऱ्याच्या पूर्वीच्या अप्रामाणिकपणाचे काय? अमेरिकेत १९६३ च्या ब्रेडी आणि १९७२ च्या गिग्लिओ या निकालांमुळे साक्षीदाराची विश्वासार्हता ढासळवणारी माहिती सरकारी वकिलाला स्वतःहून द्यावी लागते आणि पोलीस साक्षीदारही त्यातून सुटत नाही. आपल्याकडे इतका थेट नियम नाही, ही मोठीच उणीव आहे. माहिती अधिकारातून विभागीय चौकशीचे कागद मागितले, तर ‘गिरीश देशपांडे’ प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाकडे बोट दाखवून ते वैयक्तिक माहिती म्हणून बहुधा नाकारले जातात. त्यापेक्षा त्याच अधिकाऱ्याच्या साक्षीवर इतर खटल्यांत न्यायालयांनी ओढलेले ताशेरे शोधून त्या निकालपत्रांच्या प्रमाणित नकला काढाव्यात आणि उलटतपासणीची तयारी त्यांवरून करावी.