पोळीचा घास स्वतःच्या हाताने

एका हाताने पोळी तोडणं दिसतं तितकं सोपं नाही. मधलं बोट आणि अनामिका पोळी ताटाला दाबून धरतात, त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी तुकडा ओढतात. म्हणजे एकाच हाताच्या बोटांनी दोन वेगळी कामं करायची. स्वमग्न, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर बसणं कठीण जातं ती अवस्था) किंवा हालचालींच्या समन्वयाची अडचण असलेल्या अनेक मुलांना नेमकं हेच जड जातं. तो हट्ट नव्हे, आळसही नव्हे.

आधी बैठक बघा. पाय लोंबकळत असतील तर धड डुलतं आणि हाताची ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायांखाली पाट ठेवा आणि टेबल कोपराच्या उंचीला आणा. जमिनीवर मांडी घालून बसताना मूल पुढे कोसळत असेल तर पाठ भिंतीला टेकवा, ताट चौरंगावर ठेवा. ताट उभ्या काठाचं हवं. ते सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला.

मग शिकवायचं उलट्या क्रमाने, शेवटची पायरी पहिली. भाजी भरलेला घास तुम्ही तयार करून मुलाच्या बोटांत द्या, तोंडापर्यंत त्याने न्यायचा. हे सलग तीन दिवस मदतीशिवाय जमलं की तुकडा हातात द्या, भाजी त्याने टिपायची. त्यानंतर तुकडा दुमडणं, आणि तोडणं सगळ्यात शेवटी. सरळ क्रमाने गेलं तर सर्वांत अवघड काम पहिलं येतं, घास तोंडात पडायच्या आधीच मूल दमतं आणि ताट ढकलतं. उलट्या क्रमात प्रत्येक प्रयत्नाचा शेवट खाण्याने होतो, वेगळ्या बक्षिसाची गरज उरत नाही.

तोडायला सुरुवात दोन्ही हातांनी. डावा हात ताटाला लागला म्हणून घरातलं कुणी ओरडत असेल तर त्यांना आधीच समजावून सांगा: एका हाताने पोळी धरल्याशिवाय दुसऱ्याला फाडणं कळत नाही. ताजा, मऊ फुलका घ्या, कडेला अर्ध्या इंचाचे काप देऊन ठेवा. वातड झालेली पोळी या कामाची नाही. भाजी चिकटणारी हवी, बटाट्याची कुस्करलेली किंवा घट्ट पिठलं. मोकळी मटकी निसटते, रस्सा ओघळतो.

मदत समोरून करू नका, हालचाल उलटी दिसते. मागे किंवा बाजूला बसून मुलाच्या हातावर हात ठेवा. पुढे मनगटाला, मग कोपराला नुसता आधार, शेवटी हात काढून घ्या. बोलायचं कमी: ‘तोड’, ‘टिप’, ‘उचल’. आई, आजी, बाबा सगळ्यांचे शब्द तेच असावेत. टीव्ही-मोबाइल बंद.

सराव जेवणाच्या सुरुवातीला, चार-पाच घासांचा. तेव्हा भूक असते. उरलेलं जेवण भरवलं तरी चालेल. पोट भरणं आणि शिकणं यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात.

बोटांना चिकट लागलं की काही मुलं हात झटकतात किंवा रडतात. त्यांना तो स्पर्श खरोखरच सहन होत नाही, म्हणून हात ताटात दाबून धरू नका. ओला नॅपकिन हाताशी ठेवा, हवा तेव्हा पुसू द्या. सुरुवात भाजी न लावलेल्या नुसत्या पोळीने करा. जेवणाबाहेर कणकेचे गोळे तोडणं, मटार सोलणं, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणं यांतूनही बोटं तयार होतात.

जेवताना वारंवार ठसका लागत असेल, गिळल्यावर आवाज ओलसर घरघरता येत असेल किंवा घास गालात साठून राहत असेल, तर हा सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. गिळण्याची तपासणी व्हायला हवी. हात एकाच बाजूचा कमी चालत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून सराव देणारे तज्ज्ञ) दाखवा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात.