ओपॅसिटी वापरताना या चुका टाळा

एखादा घटक आपल्या मागचे किती झाकतो, त्याचे माप म्हणजे ओपॅसिटी, अर्थात अपारदर्शकता. १०० टक्क्यांना मागचे काहीच दिसत नाही आणि ० टक्क्यांना घटक जागेवर असूनही दिसेनासा होतो. एवढ्या सोप्या व्याख्येवरही फ्लेक्सच्या दुकानापासून वेबसाइटपर्यंत रोज घोळ होतात, कारण आकडा नेमका कोणत्या दिशेने मोजायचा आणि तो कशाला लावायचा, हे ठरवण्याआधीच बहुतेक जण स्लायडर ओढू लागतात.

दिशेचा घोटाळा सर्वांत महागात पडतो. फोटोशॉप ओपॅसिटी मोजते, तर कोरलड्रॉ आणि पॉवरपॉइंट ट्रान्स्परन्सी म्हणजे पारदर्शकता मोजतात. फोटोवरच्या काळ्या पट्टीसाठी ‘३० टक्के ठेवा’ असा निरोप गेला, तर फोटोशॉपमध्ये ती फिकी सावली होते आणि कोरलड्रॉमध्ये तोच आकडा पट्टी ७० टक्के गडद करून टाकतो. त्यामुळे ‘ओपॅसिटी ३०, म्हणजे ट्रान्स्परन्सी ७०’ असे दोन्ही आकडे लिहून पाठवणे चांगले.

वेबपानावर सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) ओपॅसिटी ० ते १ या मापात किंवा टक्क्यांत लिहावी लागते. टक्क्याचे चिन्ह विसरून नुसते ३० लिहिले, तर ब्राउझर ते १ समजतो आणि काहीच बदलले नाही असे वाटते. आठ अंकी हेक्स रंगातही (सोळा अंकांच्या पद्धतीने लिहिलेल्या रंगाच्या कोडमध्येही) असाच चकवा आहे. त्यातील शेवटचे दोन अंक अपारदर्शकता सांगतात; तिथले ८० म्हणजे ८० टक्के नव्हे, तर २५५ पैकी १२८, म्हणजे जेमतेम ५० टक्के. शिवाय ब्राउझरमध्ये हे दोन अंक शेवटी येतात, पण अँड्रॉइडमध्ये सुरुवातीला, त्यामुळे रंग तसाच उचलून चिकटवला की भलताच रंग उमटतो.

चौकटीची पार्श्वभूमी फिकी करायची असताना अख्ख्या चौकटीला ओपॅसिटी लावणे, ही तर नेहमीची चूक. त्याने आतला मजकूरही फिका होतो आणि आतल्या घटकाला वेगळी ओपॅसिटी देऊन तो पुन्हा ठळक करता येत नाही, कारण आकड्यांचा गुणाकार होतो: बाहेर ०.५ आणि आत ०.८ असेल, तर डोळ्यांना दिसते ते ०.४. अशा वेळी ओपॅसिटी काढून टाकावी आणि केवळ पार्श्वभूमीच्या रंगाला अल्फा, म्हणजे त्या रंगापुरती अपारदर्शकता, द्यावी.

मात्र हा सल्ला देवनागरी मजकुराच्या रंगाला डोळे झाकून लागू करू नये. इंग्रजी डिझाइन पाहून शिकलेल्यांना ही अडचण सहसा ठाऊक नसते. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली दिसावीत म्हणून अनेक फाँटांमध्ये एका अक्षराची रेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. रंगालाच अल्फा दिला, की काही ठिकाणी प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे रंगवले जाते आणि जोडावर रंग दोनदा पडतो. दोन वेळचे ५० टक्के म्हणजे १०० नव्हे, ७५ टक्के. त्यामुळे मोठ्या शीर्षकात शिरोरेषेवर जागोजागी गडद खुणा उठून दिसतात. दोष फाँट बिघडल्याचा नसतो. मजकुराला भरीव रंग देऊन त्या घटकालाच ओपॅसिटी लावली, तर तो आधी पूर्ण रेखाटला जातो आणि मग एकसंध फिका होतो. आणखी साधा उपाय म्हणजे पारदर्शकतेच्या वाटेलाच न जाता थेट करडा रंग निवडणे.

फिकेपणालाही मर्यादा हवी. पांढऱ्यावर ५० टक्के काळा मजकूर सुमारे ३.९५ : १ इतकाच कॉन्ट्रास्ट देतो, तर सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या एए पातळीला नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ लागतो.

ओपॅसिटी शून्य केली म्हणजे घटक गेला, असे समजू नये. तो जागा अडवतो, त्यावर क्लिक होते आणि स्क्रीन रीडर तो वाचूनही दाखवतो. एखादे बटण दाबले जात नसेल, तर त्यावर असा अदृश्य घटक पसरला आहे का ते आधी तपासावे. तसेच ओपॅसिटी १ पेक्षा थोडीही कमी झाली, की त्या घटकाचा स्वतंत्र थर बनतो आणि आतल्या मेनूला कितीही मोठा झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसेल ते ठरवणारा आकडा) दिला तरी तो त्या थराबाहेरच्या घटकांवर येईलच असे नाही.

फोटोशॉपमध्ये ब्रश अचानक फिका उमटू लागला, तर बहुधा चुकून अंकाची कळ दाबली गेलेली असते: ५ दाबले की ब्रश ५० टक्क्यांवर येतो, ० दाबले की पुन्हा १००. मूव्ह टूल हाती असताना त्याच कळा निवडलेल्या लेयरची ओपॅसिटी बदलतात. लेयरची सावली किंवा कडा ठेवून फक्त आतला रंग घालवायचा असेल, तर ओपॅसिटीऐवजी फिल कमी करावे. पारदर्शक लोगो जेपीईजीमध्ये जतन करणे व्यर्थ आहे, कारण त्यात पारदर्शकता टिकत नाही. त्यासाठी पीएनजी घ्यावे.

छपाईसाठी फाइल देण्यापूर्वी प्रेसला कोणते पीडीएफ चालते ते विचारून घ्यावे. पीडीएफ/एक्स-१ए या जुन्या प्रकारात पारदर्शकता टिकत नसल्याने ती सपाट करावी (खालच्या थरांत मिसळून टाकावी) लागते आणि त्या प्रक्रियेत पारदर्शक आकाराखालच्या अक्षरांचे कधी कधी चित्रात रूपांतर होऊन कडा खरखरीत होतात. पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता तशीच राहते. जुनाच प्रकार द्यावा लागला, तर मजकुराचा लेयर सर्वांत वर आणून मगच फाइल एक्स्पोर्ट करावी.