संसर्ग झालेला कृत्रिम खुबा दोन टप्प्यांत बदलताना
कृत्रिम खुब्यात जंतुसंसर्गाची शंका आली आणि रुग्णाची प्रकृती गंभीर नसली, तर अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई करू नये. आधी सांध्यातील पाणी सुईने काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवावे, कारण औषध आधी दिले गेले की जंतू अनेकदा उगवतच नाहीत.

पहिल्या शस्त्रक्रियेत खुब्याच्या खोबणीतला कप, मांडीच्या हाडातला दांडा आणि ते हाडाला धरून ठेवणारे सगळे सिमेंट काढावे लागते. धातूवर जंतूंचा जो चिकट थर बसतो, त्यात औषध पुरेसे शिरत नाही. ऊतींचे पाच-सहा नमुने, प्रत्येकासाठी वेगळी हत्यारे वापरून घ्यावेत. घट्ट बसलेला दांडा ठोकताना मांडीचे हाड फुटू देण्यापेक्षा हाडाची लांब फळी मुद्दाम उघडून तो सोडवणे बरे. मग व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे नवा सांधा बसेपर्यंतचा तात्पुरता सांधा, बसवावा. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून उष्णता सोसणारीच औषधे निवडतात.

पुढे साधारण ६ आठवडे कल्चरनुसार अँटिबायोटिक द्यावे व मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्यात. या काळात वॉकरशिवाय चालणे टाळावे, कारण स्पेसर निखळू किंवा मोडू शकतो. जखम कोरडी असून सीआरपी (रक्तातील दाहाचे माप) उतरत गेला, तरच नवा सांधा बसवावा आणि त्या दिवशीही नमुने पुन्हा पाठवावेत.