ट्यूब हेडफोन अँप घूंऽ करतोय? नवी ट्यूब मागवण्याआधी या चुका तपासा

स्वतः जोडलेला अँप पहिल्यांदा सुरू केला, ट्यूब लाल झाल्या, हेडफोन लावला आणि गाण्याआधी घर्रर्र ऐकू आलं. अशा वेळी आपण काय करतो? ट्यूबला दोष देतो आणि दुसरी जोडी मागवतो. मीही मागवली होती. घरघर तसूभरही कमी झाली नाही.

ट्यूबचा दोष आहे का, हे फुकटात कळतं. डाव्या आणि उजव्या ट्यूबची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या कानात गेला तर ट्यूब, आहे तिथेच राहिला तर वायरिंग. दोन्ही कानांत सारखाच असेल तर पॉवर सप्लाय किंवा ग्राउंडकडे बघा. (एकाच ट्यूबमधले दोन ट्रायोड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे दोन भाग, दोन चॅनलना वापरले असतील तर ही युक्ती चालत नाही.)

झाकण उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवा. आत साधारण १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर ते धरून बसतात. तो साठा उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचाच सोल्डर सुटलेला असू शकतो. मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला दिसला की मगच हात घाला. हेडफोन डोक्यावर ठेवून आत चाचपणी तर कधीच नको. चाचणीसाठी एखादा जुना हेडफोन टेबलावर ठेवा.

आधी आवाज ओळखा

व्हॉल्यूम फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरतेय, म्हणजे इनपुटच्या वायरीतून किंवा सोर्समधून. सोर्स म्हणून चार्जर काढलेला फोन लावून बघा. घरघर थांबली तर अँप निर्दोष, ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांनी बनलेलं कडं) चार्जरमार्फत होता. व्हॉल्यूमचा काहीच परिणाम होत नसेल तर दोष त्याच्या पुढे आहे.

मग ५० की १०० हर्ट्झ ते ठरवा (मेन्स ६० हर्ट्झचे असतील तर ६० की १२०). फोनवर टोन जनरेटर लावून दोन्ही सूर ऐका आणि ताडून बघा. ५० चा आवाज खोल, गोलसर घूंऽ असतो. १०० चा बहुधा करकरीत असतो, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.

५० असेल तर हीटरच्या, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या, वायरी बघा. त्यांना घट्ट पीळ घातलाय का, ग्रिडच्या (ट्यूबमध्ये सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीच्या) वायरीजवळून गेल्यात का? सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं हीटरसाठीचं ६.३ व्होल्टचं वाइंडिंग अधांतरी न सोडता ग्राउंडला बांधणं. दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे रेझिस्टर जोडले की बरंच घूंऽ गप्प होतं. वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) असेल तर तोच ग्राउंड करा. मात्र ज्या कॅथोड फॉलोअरमध्ये (ट्यूबच्या कॅथोडवरून सिग्नल बाहेर घेणाऱ्या जोडणीत) कॅथोडच १०० व्होल्टच्या आसपास बसतो, तिथे हीटरला ग्राउंडऐवजी एखादा डीसी व्होल्टेज द्यावा लागतो. हीटर आणि कॅथोडमधला फरक डेटाशीटमधल्या मर्यादेत राहिलाच पाहिजे.

माझी घरघर १०० ची निघाली, आणि कारण लाजिरवाणं होतं. मुख्य ग्राउंडची वायर मी ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) निगेटिव्ह पायावर सोल्डर केली होती. सर्किटच्या नकाशात ते बरोबरच दिसतं, निगेटिव्ह सगळं एकच! पण ब्रिज आणि पहिला कॅपॅसिटर यांच्यामधल्या वायरीतून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचा जोरदार झटका जातो. त्या बोटभर वायरीवर काही मिलिव्होल्ट तयार होतात आणि अख्ख्या अँपचा ‘शून्य’ त्यांच्यावर डुलत राहतो. वायर उचलून शेवटच्या फिल्टर कॅपॅसिटरच्या निगेटिव्हवर नेली. जेमतेम चार सेंटिमीटर. हेडफोनमध्ये अशी शांतता पसरली की अँप बंद पडला असं वाटून मी मीटर उचललं.

ग्राउंडची दुसरी चोरवाट म्हणजे हेडफोन जॅक. त्याची धातूची मान पेटीला टेकते आणि नकळत दुसरा ग्राउंड तयार होतो. प्लॅस्टिकच्या मानेचा जॅक किंवा इन्सुलेटिंग वॉशर वापरा. पण घूंऽ घालवण्यासाठी पेटीचं अर्थिंग तोडणं हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

खरखर आणि चिरका आवाज

व्हॉल्यूम फिरवताना खर्रखर्र आली की लोक आधी क्लीनर मारतात. त्याआधी पोटेन्शियोमीटरवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसला तर आधीच्या टप्प्यातला, डीसी अडवणारा कपलिंग कॅपॅसिटर गळतोय किंवा ट्यूबमधून ग्रिड करंट येतोय. क्लीनर काय करणार? न फिरवताही करकर येत असेल तर लाकडी काडीने एकेक जोड हलकेच दाबून बघा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, लगेच बोलतो.

६डीजे८सारख्या तडफदार ट्यूबचा आवाज कारण नसताना चिरका, फाटका येत असेल, हात जवळ नेल्यावर बदलत असेल, तर अँप ऑसिलेट होतोय, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतोय. ग्रिडच्या पिनलाच चिकटून एक किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ग्रिड स्टॉपर, लावा. दोन इंच लांब लावलात तर त्याचा निम्मा उपयोग गेला. आणि १२एयू७च्या सॉकेटमध्ये ६डीजे८ बिनदिक्कत खोचू नका. दोन्ही नऊ पिनांच्या असल्या तरी पहिलीत ९ नंबरची पिन हीटरचा मध्य असते आणि दुसरीत ती आतल्या शील्डला जाते.

बेस कुठे गेला?

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अँपमध्ये आउटपुट कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल, तर ५० हर्ट्झखालचा आवाज उतरू लागतो. तोच कॅपॅसिटर ३०० ओहमच्या हेडफोनला ५ हर्ट्झपर्यंत पुरतो. ४७० मायक्रोफॅरड लावला तर ३२ ओहमलाही हद्द १० च्या आसपास येते, पण तेवढ्याने भागत नाही. १२एयू७च्या कॅथोड फॉलोअरचा आउटपुट इम्पिडन्सच (त्याचा स्वतःचा आतला विरोध) चारपाचशे ओहम असतो. ३२ ओहमचा हेडफोन त्याच्या गळ्यात बांधला की थोडा आवाज वाढवताच तो फाटतो. इथे दुरुस्ती अशी काही नाहीच. जास्त ओहमचा हेडफोन घ्या, किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावा.

त्या कॅपॅसिटरनंतर, जॅकच्या आधी, ग्राउंडला एक-दोन किलोओहमचा रेझिस्टरही हवा. तो नसेल तर कॅपॅसिटर हेडफोनमधूनच चार्ज होतो आणि जॅक खोचताक्षणी कानात ठप्प! रेझिस्टर असला तरी ट्यूब तापून मिनिटभर झालं की मगच जॅक घाला.