बोटीत गेलेल्या पूर्वजाचे चरित्र कसे लिहावे

कोल्हापूरच्या जुन्या घरांत कधीकधी एखाद्या आजोबांविषयी किंवा चुलतआजोबांविषयी एवढेच सांगितले जाते की ते बोटीत गेले. कोणती बोट, कोणते साल, ते कुठे निघाले होते, याचे उत्तर घरात कोणाजवळ नसते. भिंतीवर एक फोटो असतो आणि पितृपंधरवड्यात एक पान वाढले जाते. अशा माणसाचे आयुष्य लिहून काढायचे असेल तर काम कसे करावे, ते येथे सांगितले आहे. बुडालेल्या बोटीविषयी पुष्कळ माहिती मिळते आणि माणसाविषयी फार थोडी. म्हणून बोटीचा इतिहास लिहून त्यात शेवटी पूर्वजाचे नाव घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा. बोटीवरचे दिवस त्या माणसाच्या आयुष्यात मोजके होते, बाकीची सगळी वर्षे त्याने येथे काढलेली आहेत.

सुरुवात घरातूनच करावी, आणि पहिला प्रश्न श्राद्धाच्या तिथीचा असावा. मला स्वतःला या कामातले सर्वांत भरवशाचे साधन तिथीच वाटते, कारण साल विसरले जाते, बोटीचे नाव बदलते, पण तिथी सहसा पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. एक उदाहरण घ्या. आपल्याकडे ‘मुंबईची बोट बुडाली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला ‘रामदास’ आठवते. ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना 17 जुलै 1947 रोजी बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली आणि तो दिवस आषाढ अमावास्येचा होता. मात्र घरातली तिथी त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासची असेल आणि पूर्वज आफ्रिकेला निघाला होता असे कोणी सांगत असेल, तर ‘रामदास’ बाजूला ठेवून ‘तिलावा’चा विचार करावा. ही आगबोट 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेतील मोंबासा आणि डर्बन या बंदरांच्या मार्गाला लागली. 23 नोव्हेंबरच्या पहाटेआधी सेशेल्स बेटांच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. पहिल्या आघातानंतर ती लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेली काही माणसे परत वर चढली, आणि त्यानंतर दुसरा पाणतीर बसला. बोटीवरच्या 958 जणांपैकी 280 जण गेले. वाचलेल्यांतील बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून 27 नोव्हेंबरला मुंबईत आणले. वर्षातील फक्त सर्वपित्रीलाच पान वाढले जात असेल, तर नेमकी तिथी घरालाही कळली नव्हती असा तर्क करता येतो, आणि श्राद्ध चतुर्दशीला होत असेल तर अपघाती मृत्यूची आठवण निदान शिल्लक आहे.

तिथीनंतर विचारायचे ते दिशेविषयी: माणूस जात होता की परत येत होता? विलायतेहून येणाऱ्यांच्या बाबतीत दोन बोटी आधी तपासाव्यात. ‘पर्शिया’ ही लंडनहून मुंबईला येणारी डाकेची बोट 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. ती काही मिनिटांतच पाण्याखाली गेली आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. ‘इजिप्त’ ही बोट 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाली. तिच्यावर उतारूंपेक्षा खलाशी कितीतरी अधिक होते, त्यामुळे आपला पूर्वज उतारू होता असे गृहीत धरून चालू नये.

बोट ठरली की यादीकडे वळावे. ब्रिटिश बंदरांतून निघालेल्या आणि तेथे पोहोचलेल्या उतारूंच्या याद्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. निघालेल्यांच्या याद्या 1890 पासूनच्या व आलेल्यांच्या 1878 पासूनच्या असून दोन्ही 1960 पर्यंत येतात. म्हणजे ‘पर्शिया’वर लंडनला चढलेला माणूस तेथे सापडू शकेल, पण मुंबईहून निघालेल्या ‘तिलावा’चा उतारू त्या याद्यांत शोधणे व्यर्थ आहे. समुद्रावर झालेल्या मृत्यूंची वेगळी नोंदवहीही तेथेच आहे. खलाशी असल्यास मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहाकडे लक्ष द्यावे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावे स्मरणग्रंथात नोंदलेली आहेत, आणि युद्धस्मारकांची देखरेख करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात.

यादीत नाव दिसले नाही म्हणून निराश होऊ नये. आडनाव गाळून नुसते स्वतःचे व वडिलांचे नाव लिहिण्याची पद्धत सर्रास होती, आणि कोल्हापूरचे नावसुद्धा जुन्या इंग्रजी कागदांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. पहिल्या वर्गाच्या माणसाचे नाव, हुद्दा, घराचा पत्ता सारे मिळते, तर डेकवर अंथरूण पसरून जाणाऱ्याची नोंद तुटक असते. हा अन्याय त्या कागदांतच आहे, आणि तो भरून काढण्यासाठीच आपण हे चरित्र लिहीत असतो.

म्हणूनच खरे काम कोल्हापुरातच आहे. 1 मार्च 1949 पर्यंत कोल्हापूर हे स्वतंत्र संस्थान होते, त्यामुळे येथील माणसाची नोकरी, इनाम, शिष्यवृत्ती किंवा अर्ज-विनंत्या यांचे कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरात न शोधता कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावेत. बरेच दप्तर मोडीत आहे. मोडी येत नसेल तर वाचणारा जाणकार सोबत घ्यावा, आणि जाण्यापूर्वी माणसाचे नाव, गाव, पेठ व अंदाजे साले एका कागदावर मांडून न्यावीत. नंतर गावचा तलाठी आणि तहसील कार्यालयातील अभिलेख कक्ष गाठावा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही आणि सहा-क म्हणजे वारस नोंदवही. प्रेत न मिळालेल्या माणसाच्या वारसांची नोंद पुष्कळदा उशिरा होते, कारण सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत मानण्याचे तत्त्व पुरावा कायद्यात आहे. त्यामुळे 1942 साली गेलेल्या माणसाची नोंद 1950 च्या आसपासही पाहावी. त्या एका नोंदीत पत्नीचे नाव, मुलांची वये आणि जमिनीचे सर्व्हे नंबर मिळाले, तर चरित्राचा कणा तयार होतो.

वर्तमानपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी. ही संस्था 1850 पासूनची आहे. युद्धकाळात बोटींच्या बातम्यांवर बंधने होती, म्हणून एकाच दिवसाचा अंक न पाहता पुढचे काही महिने चाळावेत. शोकसभेची चार ओळींची बातमीही मोठ्या बातमीपेक्षा अधिक सांगून जाते. घरच्या उपाध्यायांकडेही विचारणा करावी, कारण प्रेत नसताना पळसाच्या पानांची प्रतिकृती करून पालाशविधी केला जातो, आणि तो कधी केला यावरून घराने आशा केव्हा सोडली ते समजते.

लिहिताना ज्ञात आणि तर्क यांची सरमिसळ होऊ देऊ नये. 1942 साली कोल्हापूरहून मुंबईला जाणारा माणूस मीटरगेजच्या गाडीने मिरजेवरून पुण्यापर्यंत जाई आणि तेथे मोठ्या रुळाच्या गाडीत बसे, हे खात्रीने लिहिता येते. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास होती, तेव्हा त्याने भाऊबीज घरी केली असावी, हे ‘असावी’ या शब्दासह लिहावे. त्या रात्री तो कोणत्या होडीत होता, त्याने शेवटी कोणाचे नाव घेतले, हे मात्र मुळीच रचू नये. वाचलेल्या उतारूंनी सांगितलेल्या हकिगती बोटीच्या वर्णनासाठी वापराव्यात, त्या आपल्या माणसाच्या तोंडी घालू नयेत.

मागे राहिलेल्यांना मात्र भरपूर जागा द्यावी. कुंकू पुसायचे की वाट पाहायची, या पेचात त्या बाईने काढलेली वर्षे हाही या चरित्राचाच भाग आहे; मुलांचे शिक्षण कोणी केले, जमीन कोणाकडे गेली, तिने पुढे कोणाजवळ दिवस काढले, हे आत्या आणि मावश्यांना माहीत असते आणि त्यांना ते आजवर कोणी विचारलेले नसते. मसुदा तयार झाला की छापण्यापूर्वी तो घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला पूर्ण वाचून दाखवावा आणि ती जेथे थांबवील तेथे पेन्सिलने खूण करावी.